मांडीवरचा मेंदू

डॉ. कुमुद साबळे यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात मी लिहावं असं ठरलं, तेव्हा समितीतल्या सरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पहिली ओळख कशी झाली तिथून सुरुवात करा. दुसरी, डॉक्टरबाईंच्या हाताविषयी काही लिहू नका, बरं दिसत नाही. पहिली गोष्ट मी ऐकते. दुसरीचं शेवटी बघू. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे बोलते तसंच लिहिते. सरांनी काना-मात्रा सुधाराव्यात, मजकुराला हात लावू नये.

पहिली ओळख शेवगावच्या दवाखान्यात झाली. बाई मनाच्या आजारांच्या डॉक्टर, राहायला केडगावला, पण बाजाराच्या दिवशी शेवगावला येऊन बसायच्या, अजूनही बसतात. मी माझी धाकटी जाऊ सिंधू हिला घेऊन गेले होते. सिंधूला दुसरं बाळ झालं होतं, मुलगी. बाळ रडायचं आणि ही शेजारी बसून भिंतीकडे बघायची. झोप नाही, जेवण नाही, केसाला फणी नाही. सासूबाई म्हणायच्या, अंगचोर आहे, ऊसतोडीला जायचं जिवावर आलंय. दीर तिला देवऋष्याकडे नेऊन आला. मग घरात ठरलं की दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आत ही सुधारली नाही, तर बाळ ठेवून घ्यायचं आणि हिला माहेरी पोचवायचं, कायमचं. मला ते पटेना, म्हणून मी दवाखाना गाठला.

बाई सिंधूला विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते. झोप लागते का? "कुठली झोप, रातभर टक्क जागी असती." भूक? "दोन घास खाती न् ताट सारती." बाळाजवळ बरं वाटतं का? "त्याच्याकडं बघत पन न्हाई." बाईंनी चष्मा काढला. टेबलावर प्लास्टिकचा मेंदू होता, रंगीत, सुटा होणारा. तो उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

"हिराबाई, हा दोन्ही हातांनी धरा. तुकडे सुटे आहेत, बोललात की पडतील."

गप्प बस असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं होतं, पण करून कुणालाच घेता आलं नव्हतं. मी तो मेंदू धरून बसले. बाईसुद्धा बोलेनात. बाहेर मेथीवाला ओरडत होता तेवढंच. मला वाटलं, ही काय तपासायची रीत झाली. आणि मग सिंधू बोलली.

"बाळ रडतंय ते मला हिरीतनं आल्यासारखं ऐकू येतं. मी असले काय न् नसले काय, सारखंच हाय."

एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" सरळ विचारलं, जेवलीस का म्हणावं तसं. सिंधू म्हणाली, "येतं."

माझ्या मांडीवरचा मेंदू खडखडला.

बाई खुर्ची ओढून जवळ आल्या आणि माझ्या मांडीवरच त्यांनी तो उघडला. वरचा मोठा, सुरकुत्यांचा भाग, त्याचे दोन अर्धे. "तुमच्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात ना, तसे हे दोघे मिळून एक. मध्ये हा पूल, निरोप इकडून तिकडे जायला." मागे खाली लहान मेंदू, तो तोल सांभाळतो. त्याच्यापुढे देठ, त्याच्यावर श्वास चालतो. आत बदामाएवढा तुकडा, धोका दिसला की भीती तिथून उठते. त्याला लागून आठवणीचा. आणि कपाळामागचा भाग ठरवतो, आवर घालतो. "हिराबाईंचा हा जरा रजेवर असतो," बाई म्हणाल्या. सिंधूच्या ओठाचा कोपरा हलला. बाळंतपणानंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं.

"मग हिचा कंचा तुकडा नासलाय?" मी विचारलं.

"एकही नाही. हे सगळे आपसात बोलत असतात, ते बोलणं मंदावलंय. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतं. हा आजार आहे, आळस नाही. औषध आहे." मग त्यांनी सिंधूचा हात हातात घेतला आणि मला सांगितलं की बरं वाटेपर्यंत हिला एकटी सोडायची नाही, आणि विळा, गोळ्या, शेतातलं फवारणीचं औषध, सगळं तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं. मी ठेवलं.

गुण यायला काही आठवडे लागतील असं त्यांनी सांगितलं होतं, तसंच झालं. आधी झोप आली, मग भूक. टोळी निघायच्या वेळी सिंधू बाळाला स्वतः न्हाऊ घालत होती. माहेरी पोचवायचं बोलणं मागे पडलं. पण सासूबाईंनी नवीन काढलं, "आता बरी हाय ना, मग बंद करा त्या गोळ्या. अंगावर पिणारं पोर हाय." बाई म्हणाल्या, "पाजताना चालेल अशीच गोळी दिली आहे. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवली तर पुन्हा घसरेल. हिराबाई, तुमची जीभ आता या कामाला लावा."

मग काय. राहात्याकडे आमच्या टोळीच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडल्या आणि मी रोज संध्याकाळी चुलीपासून ओरडायचे, "सिंधे, गोळी?" सगळ्या टोळीला ऐकू जायचं.

"जाऊबाई, हळू बोला की. लोकं येडी म्हनत्यात मला."

म्हणायला लागलेच होते. मुकादमाची बायको पाण्यावर तिच्याशेजारी हंडा लावेना. सिंधूने गोळी घ्यायची सोडली. मी बाईंना फोन लावला आणि त्यांच्यावरच चिडले, "तुमी म्हनला म्हनून वरडले, आता ती घेईना. या आता."

बाई खरंच आल्या. केडगावहून एस.टी.ने, पुढे कुणाच्या तरी टेम्पोत बसून, पिशवीत मेंदू घेऊन. बायका कोपीपुढे जमल्या. मुकादम म्हणाला, "डॉक्टरीनबाई, फ्लॉवर आनलाय व्हय?"

"हो, पण हा शिजवायचा नाही," बाई म्हणाल्या, आणि मेंदू त्यांनी मुकादमाच्या बायकोच्या मांडीवर ठेवला. मला कळलं आता काय होणार.

त्यांनी एकेक तुकडा काढून दाखवला. मग मुकादमाला विचारलं, शुगरचं मीच त्यांच्या कानावर घातलं होतं, "तुम्हाला शुगर आहे ना? गोळी लपून घेता का?"

"लपून कशाला? समद्यांम्होरं घेतो."

"मग हिने का लपवावी?"

मुकादम टोपी काढून डोकं खाजवायला लागला. त्याची बायको मेंदू धरून खाली बघत होती. तशीच म्हणाली, "माज्या थोरल्याच्या टायमाला मला बी असंच झालं हुतं. कुनाला बोलले न्हाई मी." बाई निघताना तिने सिंधूला कुंकू लावलं, बाईंना लावलं, आणि मेंदूलाही लावलं. मला हसू आलं. बाईंना आलं नाही, त्यांनी ते पुसलंही नाही. एका सुरकुतीत ते अजून आहे. मेंदू आता मी पुसते, तेवढी जागा सोडते.

त्या संध्याकाळी मी हाक मारायच्या आतच सिंधू पलीकडून ओरडली, "घेतली, जाऊबाई." तिची ती मुलगी आता आईपेक्षा उंच झाली आहे. दोघी कडाकडा भांडतात. ऐकायला बरं वाटतं.

पुढे बाईंनी मला दवाखान्याच्या दारात बसवलं, नंबर पुकारायला. म्हणाल्या, गोड बोलणाऱ्या माणसाला लोक गोड खोटं सांगतात. खरंच सांगतात. एक गुरुजी आले, म्हणे माझं काही नाही, मित्राला विचारायचंय. मी म्हटलं, मित्राचा नंबर लावा आणि मित्राच्या खुर्चीत तुम्हीच बसा. ज्याची छाती उगाच धडधडते आणि हृदय तपासून झालं, ते ठीक निघालं. जी दिवसभर हात धूत बसते. ज्याला कुणी नसताना आवाज ऐकू येतात. सगळे त्या दारातून येतात. बाईंनी कुणालाही वेडा म्हटलेलं मी ऐकलं नाही. एकदा मी म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता हाताचं.

गेल्या वर्षी मेडिकलवाला चिठ्ठी घेऊन आला, म्हणाला अक्षर लागत नाही, मुंग्या चालल्यासारखं झालंय. मग मी बघायला लागले. चालताना बाईंचा उजवा हात हलत नव्हता. पेशंट समोर असला की तो हात खिशात. एके दिवशी सगळे गेल्यावर मी विचारलं, "बाई, हाताला काय झालंय?"

"काही नाही. वय झालं."

मी टेबलावरचा मेंदू उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "धरा," म्हटलं. "मी गप्प बसते."

त्या हसल्या. मग हसणं थांबलं. मेंदू त्यांच्या हातात खडखडत होता. मी काहीच बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. शेवटी त्यांनी देठ सोडवला आणि वरच्या टोकाजवळ बोट ठेवलं. "इथे आत काळसर पट्टी असते, या प्लास्टिकमध्ये ती केलेली नाही. हालचाल सुरू व्हायला लागतं ते रसायन तिथे तयार होतं. माझं कमी पडतंय. कंपवात म्हणतात." आणि मग, सिंधूसारख्याच आवाजात, "मला भीती वाटते, हिराबाई."

"मग खिशात कशाला घालताय?" मी म्हटलं. "आमाला सांगितलं लपवू नका म्हनून."

पुढच्या बाजारी बाईंनी हात टेबलावर ठेवला, थरथरत होता तसाच. पहिल्याच पेशंटला सांगितलं, मलाही आजार आहे, मीही गोळी घेते, बोला तुमचं काय. तो माणूस आधी वर्षभर काही बोलत नव्हता, त्या दिवशी बोलला.

हे लिहू का, असं मी बाईंनाच विचारलं. म्हणाल्या, "लिहा. फक्त अक्षर माझ्यापेक्षा मोठं काढा." तर सर, काढलंय मोठं. दुसरी गोष्ट मी ऐकणार नव्हतेच.

बाईंना भरपूर आयुष्य मिळो. आजार पूर्ण जाणार नाही हे त्यांनीच मला सांगितलंय, म्हणून खोटा आशीर्वाद मागत नाही. हात चालेल तेवढा चालो, पाय चालोत, झोप लागो, शेवगावचा बाजार कधी चुकू नये. बाकीचं माझ्याकडे लागलं. दुपारी त्यांच्या गोळीची वेळ झाली की मी दारातूनच ओरडते, "बाई, गोळी?" बाकावर बसलेले सगळे आत वळून बघतात. आतून आवाज येईपर्यंत मी पुढचा नंबर पुकारत नाही.