बिनडोक्याच्या इमारतीची लिफ्टवाली

शहराच्या मधोमध, जिथे बँका, विमा कंपन्या आणि मोठाली दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत, त्या भागात लिफ्टवाल्या ताईला ओळखत नाही असा रखवालदार सापडायचा नाही. ठेंगणी, हाडापेराने मजबूत, केस डोक्याला घट्ट आवळून बांधलेले. आवाज असा की लिफ्टच्या तळातल्या खड्ड्यातून हाक मारली तर वरच्या मजल्यावरचा माणूस "आलो" म्हणायचा. तिथल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट तिच्या हातच्या होत्या.

तंत्रशाळेत शिकताना वर्गात ती एकटीच मुलगी. मास्तरांनी तिला नकाशे काढायच्या वर्गात जायला सुचवलं होतं, पण तिला नटबोल्टांची ओढ. पुढे लिफ्टच्या कंपनीत लागली आणि एका म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली आली. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद शिव्या सढळ हाताने द्यायचा आणि शिकवायचाही तसंच. ओळंबा कसा सोडायचा, रूळ केसभरही न झुकता कसे उभे करायचे, दोराला नुसता हात लावून त्याचा ताण कसा ओळखायचा, हे सगळं तिने त्याच्याकडून उचललं. तो निवृत्त झाला तेव्हा त्याची जागा तिला मिळाली आणि कोणी नाक मुरडलं नाही, कारण नाक मुरडायला जागाच नव्हती.

घरी मात्र गंमत होती. ती राहायची चौथ्या मजल्यावर, आणि त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. नवरा शिंपी, घरातच मशीन मांडून गणवेश शिवायचा. सासूबाईंचे गुडघे गेलेले. जिना उतरणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, आणि तोंड चालवणं वाढवलं होतं.

"सगळ्या शहराला वर चढवते," त्या शेजारणीला सांगायच्या, "आणि मला खिडकीत बसवून ठेवलंय."

"आई, या घराला खड्डाच नाही, तर लिफ्ट ठेवू कुठे?" ताई म्हणायची.

"ते मला नको सांगूस. मी काय तुझी कंपनी आहे?"

अशात तिला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. जुन्या सिनेमागृहाच्या जागेवर अडतीस मजल्यांचा टॉवर उठणार होता, शहरातला सगळ्यात उंच. मालक बिल्डर सत्तरीला टेकलेला, कडक इस्त्रीचा माणूस. त्याने आयुष्यभर बुटक्या इमारती बांधल्या होत्या आणि जाण्याआधी एकदा तरी मान वर करून बघावं लागेल असं काही बांधायचं, हे त्याने मनावर घेतलं होतं. त्या टॉवरच्या लिफ्ट वेगळ्या होत्या. नेहमी इमारत पुरी झाली की अगदी माथ्यावर लिफ्टची मोटर बसवतात. इथे मोटर एका लोखंडी फलाटावर ठेवून तो फलाट शाफ्टमध्येच, म्हणजे लिफ्टच्या उभ्या बोगद्यातच, मध्यावर अडकवायचा, खालचे मजले चालू करायचे, आणि इमारत वाढली की फलाट वर उचलून घ्यायचा. दोरांची जास्तीची वेटोळी त्यासाठी आधीच बांधून ठेवलेली असायची. मुलाचा पायजमा शिवताना आत कापड दुमडून ठेवतात ना, अगदी तसंच, असं तिने नवऱ्याला समजावलं होतं.

एकविसावा मजला झाला आणि बाजार बसला.

आधी पेपरात बातम्या आल्या, त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत. मग समोरच्या कार्यालयांच्या काचांवर "भाड्याने देणे आहे" अशा पाट्या लागल्या. मग एका सकाळी काँक्रीटची गाडी आलीच नाही. बँकेने हात आखडता घेतला होता. रिकाम्या कार्यालयांच्या गर्दीत आणखी रिकामी कार्यालयं कोण बांधणार, हा बँकेचा सवाल होता. क्रेन उतरवून नेली. सळया आभाळाकडे तोंड करून तशाच राहिल्या. लोकांनी टॉवरचं नाव ठेवलं "बिनडोक्याची इमारत", आणि रिक्षावालेही तेच नाव सांगून माणसं सोडू लागले.

मालकाने कुलूप घालायचं ठरवलं. ते ऐकून साइटवरची इंजिनिअरबाई ताईकडे आली. ही बाई तिशीतली, अंगाने काटकुळी, चहा प्यायला बसली तरी डोक्यात हिशेब चालू. तिने अठरा मजले वापरात आणता येतील अशी योजना आखली होती. वर पाणी अडवणारं पक्कं झाकण, त्याच्या खाली लिफ्टची मोटर, आणि त्याखाली भाडेकरू.

"लिफ्ट चालतील का, एवढंच सांगा," ती म्हणाली.

"चालतील. पण रोज बघावं लागेल. अर्धवट इमारतीत धूळ फार, ओल फार."

"मग चला माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर ते ऐकायचे नाहीत, आणि तुम्ही एकट्या गेलात तर बोलूच द्यायचे नाहीत."

दोघी गेल्या. मालक खिडकीकडे तोंड करून बसला होता. इंजिनिअरबाईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक बाही नसलेला शर्ट घालून लोकांत फिरायला सांगताय तुम्ही मला."

ताईला राहवलं नाही. "साहेब, मी शिंप्याच्या घरात राहते. बाहीचं कापड संपलं म्हणून आम्ही शर्ट फेकून देत नाही. टाचून ठेवतो. कापड येतं कधी ना कधी."

मालकाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाला, "भाडेकरू आणा. एक जरी आला तरी कुलूप काढतो."

भाडेकरू मिळेना. येणारा माणूस वर सळया बघायचा आणि रस्त्यावरूनच परत फिरायचा. शेवटी नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यबाई आल्या. त्यांची जुनी जागा धोकादायक ठरली होती, मुली एका गोदामात बसून शिकत होत्या. खोल्या त्यांना आवडल्या, उजेड आवडला. लिफ्टपाशी येऊन मात्र त्या थांबल्या.

"वरचं काम अर्धं. ही गाडी नक्की कशाला लटकली आहे?"

ताईने त्यांना फलाट दाखवला, दोर दाखवले. दोर तुटलाच तर गाडीखालचे जबडे रुळांना कसे चावतात आणि गाडी जागच्या जागी कशी थांबते, तेही दाखवलं. फलाट किती भार पेलतो ते इंजिनिअरबाईने सांगितलं. प्राचार्यबाईंनी नीट ऐकलं, चांगले प्रश्न विचारले, आणि तरीही म्हणाल्या, "मला कळलं. पण मुलींच्या आईवडिलांना मी काय सांगू? उद्या पुन्हा येते."

संध्याकाळी घरी हे बोलणं निघालं. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"मी बसते त्यात," त्या म्हणाल्या.

"आई, उगाच काहीतरी," नवरा म्हणाला.

"उगाच काय? पडले तर गुडघे दुखायचे तरी थांबतील. आणि नाही पडले तर बाहेर तरी पडेन. किती दिवस झाले मी रस्ता बघितला नाही, विचार तुझ्या बायकोला."

ताईला हसूही आलं आणि काळजात काहीतरी हललंही. त्या घरात कोणी तिला तुझ्या कामावर माझा विश्वास आहे असं कधी म्हणालं नव्हतं, आणि आताही कोणी म्हणत नव्हतं. पण ही म्हातारी खुर्चीत बसून चार मजले खाली यायला तयार होती.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि शेजारी, दोघांनी खुर्ची उचलली. प्रत्येक वळणावर सासूबाईंच्या सूचना चालू. "जरा तिरकं धरा. मी काय कपाट आहे?" टॉवरच्या दाराशी इंजिनिअरबाईबरोबर प्राचार्यबाई उभ्याच होत्या. हे लटांबर बघून त्या चकित झाल्या.

"या कोण?"

"माझ्या सासूबाई. पहिली फेरी त्या मारतील."

प्राचार्यबाई मोठ्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सुनेने सासूला बसवलं, हा पुरावा मी कसा धरायचा?"

मग सासूबाईच खुर्चीतून म्हणाल्या, "मग माझ्या मुलालाही बसवा. त्याच्यावर तर तिचा जीव आहे."

प्राचार्यबाई हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि स्वतःही आत शिरल्या. शिंपी, खुर्चीतली म्हातारी, प्राचार्यबाई आणि इंजिनिअरबाई, सगळे दाटीवाटीने मावले. ताईने बटण दाबलं. तिचं सगळं लक्ष कानांत होतं. रुळांचा आवाज नाही, दोरांची कुरकुर नाही.

थोड्या वेळाने सासूबाई वैतागून म्हणाल्या, "सुरू कधी होणार हे?"

"आई, पोचलो आपण," ताई म्हणाली, आणि दार उघडलं.

अठराव्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची नेली. म्हातारी कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "आपलं घर कुठे?" ताईने बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, छपराचा एक मळका तुकडा.

"एवढंसं?" म्हातारी म्हणाली. मग मान वळवून प्राचार्यबाईंना, जणू त्यांना हे माहीतच नव्हतं अशा थाटात, सांगितलं, "ही माझी सून. लिफ्ट हिने बसवली."

ताई लगेच पाना घेऊन दाराच्या पट्टीशी खाटखूट करायला लागली. पट्टी अगदी ठीक होती.

कॉलेज आलं. मालकाने कुलूप काढलं. मागोमाग डोळ्यांचा दवाखाना आला, मग परदेशी भाषा शिकवणारे वर्ग, मग ज्यांना मोठ्या कार्यालयांचं भाडं झेपेनासं झालं होतं असे लहानसहान उद्योग. अडतीस मजल्यांच्या स्वप्नात यांतला एकही भाडेकरू नव्हता.

वर्षं मात्र सोपी गेली नाहीत. दूरच्या एका शहरात विमानतळ बांधत होते, तिथून ताईला बोलावणं आलं. पगार चांगला, काम मोठं. तिच्या टोळीतले सगळे गेले. दोन दिवस ती रोजच्यासारखी टॉवरवर जाऊन आली. नवरा मशीन थांबवून म्हणाला, "जायचं तर जाऊ. गणवेश तिकडचीही मुलं घालतात."

"जायचं नाही असं नाही," ती म्हणाली. "पण ती मोटर मी मध्यावर अडकवून ठेवली आहे. ती वर न्यायचं काम माझं आहे. दुसऱ्या कोणी नेली तर मला झोप लागणार नाही."

"मग राहू," तो म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. एवढंच बोलणं झालं.

ती राहिली. एका पावसाळ्यात झाकणाला चीर पडली आणि पाणी शाफ्टमध्ये उतरलं. तिने एक लिफ्ट बंद करून दुसरी चालू ठेवली, इंजिनिअरबाई माणसं घेऊन वर चढली, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या पेशंटांना त्या दिवशी एकही पायरी चढावी लागली नाही. बाहेर लोक "बिनडोक्याची" म्हणून हसत होते. आत मुली पांढऱ्या कपड्यांत, पुस्तकं छातीशी धरून, वरखाली करत होत्या. पहिली तुकडी पास होऊन बाहेर पडली तेव्हा त्यांनी ताईला गच्च धरून फोटो काढला. तो फोटो सासूबाईंनी खिडकीशेजारी लावून घेतला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यातली सून कोणती हे सांगितलं, जरी निळ्या डगल्यात ती एकटीच होती.

मग हळूहळू पाट्या उतरू लागल्या. बँक पुन्हा बोलायला लागली. नवे भागीदार आले, आणि त्यांनी यायचं कारणही साफ सांगितलं: या भागातली दुसरी अर्धी बांधकामं ओसाड पडून कुजली, ही एक जिवंत राहिली. मात्र अडतीस मजले त्यांना नको होते. तीस पुरे, आणि वरच्या मजल्यांवर कार्यालयांऐवजी राहती घरं. मालकाला ते फार लागलं. पण सही त्याने केली.

इमारत वर चढली आणि मोटर उचलायचा दिवस आला. कॉलेजला सुट्टी असताना काम धरलं. ताईने नवी टोळी उभी केली होती, त्यात दोन मुलीही होत्या. साखळ्या ताणल्या आणि फलाट जागचा हलला. इतक्या वर्षांनी तो सुटताना कण्हल्यासारखा आवाज झाला. अर्ध्या वाटेवर एक कोपरा अडला. ताईने हात वर केला, सगळं थांबलं. पट्टा बांधून ती स्वतः शाफ्टमध्ये उतरली. भिंतीतून सळईचं एक टोक बाहेर आलं होतं. तिने ते कापलं, हाताने चाचपून बघितलं, आणि खालून आवाज दिला, "चला."

फलाट वर गेला आणि नव्या जागी बसला. इतकी वर्षं बांधून ठेवलेली वेटोळी एकेक करून सुटली, दोर सरळ झाले, आणि तिने प्रत्येकावर हात ठेवून ताण बघितला.

तिसाव्या मजल्याची पहिली फेरी मालकाने मागून घेतली. तो आता काठी घेऊन चालायचा. वर पोचल्यावर कठड्याशी उभा राहिला आणि आधी नेहमीसारखं कुरकुरला, "आठ मजले कमीच पडले."

ताई चिंधीने हात पुसत होती.

खाली कॉलेजच्या मुली सुट्टी संपवून परत येत होत्या, बॅगा ओढत दारातून आत शिरत होत्या. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "मी कुलूप घालणार होतो याला," तो म्हणाला. मग काठी दुसऱ्या हातात घेऊन त्याने ताईशी हस्तांदोलन केलं, तिच्या हाताला वंगण आहे हे दिसत असूनही.

शहरातली सगळ्यात उंच इमारत आता दुसरीच कुठली तरी आहे. हिच्यात माणसं मात्र सगळ्यात जास्त आहेत, असं तिथला रखवालदार सांगतो, आणि ते खरं असावं, कारण सकाळी लिफ्टपाशी रांग लागते. ताई कंपनीत नव्या फिटरांना शिकवते. इंजिनिअरबाईने शेजारचा प्लॉट घेतलेल्या लोकांकडे काम धरलंय. तिथे पाया खणायला सुरुवात झाली, त्याच आठवड्यात तिने ताईला फोन केला. दुसऱ्या दिवशी ताई चिखलाचे बूट चढवून खड्ड्याच्या काठावर उभी होती, आणि लिफ्टसाठी जागा कमी सोडलीय म्हणून तिथल्या लोकांशी भांडत होती.