खाऱ्या पाण्यातला बुक्क्या

माझे दाजी दादाभाऊ यांना जगात दोनच गोष्टी नीट येतात. एक, जळालेली मोटर पुन्हा चालू करणं आणि दुसरी, गप्प बसणं. पहिलीमुळे मंचरच्या आसपास विहिरीविहिरीवर त्यांचं नाव आहे. दुसरीमुळे माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, लग्न झाल्यापासून एकटीच बोलते आहे. मी पिंपळवंडीहून पिकअपमध्ये माल घेऊन मंचरच्या मार्केटला येतो आणि रिकामी गाडी घेऊन परतताना तिच्याकडे चहाला थांबतो. मेहुणा म्हटल्यावर दाजींची चेष्टा करण्याचा मला हक्कच आहे आणि तो मी काही सोडत नाही.

दाजींचं मोटर वाइंडिंगचं दुकान घरासमोरच, अंगणाच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये आहे. गिऱ्हाईक येतं, निवडणुकीचं बोलतं, बिबट्याचं बोलतं, दाजी मान हलवतात. तो होकार होता की नकार हे गिऱ्हाईकानं आपलं आपण ठरवायचं. "बेरिंग गेलंय" किंवा "सांजंला या" एवढंच काय ते त्यांच्या तोंडून निघतं. मला सुरुवातीला वाटायचं, माणूस घमेंडी आहे. मग कळलं, तसं काही नाही, शब्द बाहेर पडायला त्यांना खरोखरच वेळ लागतो.

असा माणूस एके दिवशी समुद्रातला प्राणी घरी घेऊन आला.

झालं असं, की हायवेवरच्या एका हॉटेलात काउंटरच्या मागे खाऱ्या पाण्याची, रंगीत माशांची काचेची टाकी होती. तिचा पंप बंद पडला म्हणून दाजींना बोलावलं. मालक वैतागलेला होता. टाकीतले मासे एकेक करून नाहीसे होत होते आणि आतून टकटक आवाज यायचा. शोधल्यावर चोर सापडला. समुद्रातून आणलेल्या दगडाच्या भोकात तो लपून आला होता. इंग्रजीत त्याला मॅन्टिस श्रिंप म्हणतात, कोळंबीसारखाच एक प्राणी. बोटभर लांब, हिरवट, अंगावर ठिपके, आणि दांड्यांवर बसवलेले दोन डोळे, त्यातला एक तुमच्याकडे बघतो तेव्हा दुसरा भलतीकडेच बघत असतो. पुढचे पाय घडी घालून बसतो आणि असे काही झटकन मारतो की शंखाचं, खेकड्याचं कवच फुटतं. मालक म्हणाला, दगडासकट गटारीत टाकून द्या. दाजींनी तो दगड टाकीतल्याच पाण्यासकट बादलीत घेतला आणि स्कूटरवर पायांमध्ये बादली धरून घरी आणला.

"कशाला आणलं हे लचांड?" मी विचारलं.

"जितं व्हतं," दाजी म्हणाले.

मग काय, हॉटेलातली एक जुनी छोटी टाकी आली. पुण्याच्या दुकानातून समुद्राचं पाणी बनवायचं मीठ आलं. डेअरीत दूध तपासायला बुडवतात ना, तसली एक काचेची नळी आली, पाण्यात मीठ किती ते दाखवणारी. वीज गेली तरी पाणी फिरतं राहावं म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी जोडली गेली. अक्कानं आठ दिवस तोंडाचा पट्टा चालू ठेवला. नवव्या दिवशी ती काच पुसत होती, तर त्यानं आतून तिच्या फडक्यावर ठणकन हाणलं. "मेल्यानं बुक्की मारली की मला!" ती ओरडली आणि हसत सुटली. तेव्हापासून तो बुक्क्या झाला आणि त्याला खायला खेकडे आणायची काळजी अक्का करायला लागली.

घरात आणखी एक माणूस होतं, त्यांचं आता सांगायलाच हवं. यमाजीआबा, दाजींचे वडील. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. गेल्या वर्षी पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते बरेच दिवस दवाखान्यात होते. इकडे मेंढरांपाशी रात्री झोपायला माणूस उरला नाही. बिबट्यानं दोन नेली, मग आणखी एक नेलं. दाजींनी जीव घट्ट करून सगळा कळप विकून टाकला आणि दवाखान्यातल्या बापाला सांगायचं काही त्यांना जमलं नाही. आबा काठी टेकत घरी आले ते थेट मेंढरांच्या वाड्याकडे गेले, आणि रिकामी जागा बघून उभेच राहिले.

त्या दिवसापासून आबा दाजींशी बोलत नव्हते. माझ्याशी बोलायचे, अक्काशी बोलायचे. दाजी समोर बसलेले असले तरी, "सूनबाई, त्याला म्हणावं जेवून घे." "सूनबाई, त्याला म्हणावं पत्र्यावर शेवगा टेकलाय." नाव नाही, हाक नाही. दाजी थेट काही बोलले तर आबा दाराबाहेर बघायचे. अक्का वैतागून म्हणायची, "मला काय पोस्टात लावलंय का तुमी दोघांनी?" आणि मी हसायचो. पण दाजी ताटावर मान खाली घालून बसलेले दिसायचे, तेव्हा मी हसणं आवरायचो. ज्याला मुळात चार शब्द बोलायला जड जातं, त्याला त्याच्या बापानं असं गप्प करावं, याचा मला राग यायचा.

आबांनी टाकीकडे पहिले काही दिवस ढुंकूनही पाहिलं नाही. मग अक्का सहज बोलून गेली, की हे जनावर गोड्या पाण्यात मरतं, याला मीठ लागतं.

"मीठ लागतं?" आबांनी मान वळवली. "मंग बेस जनावर हाय की."

मेंढरांना मीठ देणं ही धनगराच्या घरची रोजची गोष्ट. पावसाळ्यात द्यायचं, आणि एखादं चारा खाईना, कोपरा धरून बसलं, तर त्याला थोडं जादा द्यायचं. मीठ लागणारं जनावर म्हणजे आबांच्या लेखी आपल्यातलं. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची टाकीसमोर आली. ते बुक्क्याशी बोलायला लागले. "आज लई रागात दिसतोस गड्या." दाजींनी एका काठीला तारेचा चिमटा बसवला आणि काही न बोलता खुर्चीशेजारी ठेवून दिला. आबाही काही न बोलता त्या चिमट्यानं बुक्क्याला खेकडा द्यायला लागले. म्हातारा पुन्हा जेवायला लागला, रोज अंघोळ करायला लागला, सकाळी उठायला त्याला एक काम झालं. दाजी शेडमधून अधूनमधून वाकून बघायचे, दारातून आबांची पाठ दिसायची, आणि परत तार गुंडाळायला लागायचे.

मग मार्च-एप्रिलमध्ये बुक्क्यानं खाणं सोडलं. भोकाच्या तोंडाशी खडे रचून त्यानं दार लावून घेतलं. आबा काठीनं खेकडा नेऊन धरायचे आणि तसाच परत आणायचे. "कोपरा धरलाय त्यानं," आबा मला म्हणाले. चेहरा उतरला होता.

त्या आठवड्यात मी गेलो तेव्हा आबा अंघोळीला गेले होते आणि दाजी घाईघाईनं मगानं टाकीतलं पाणी काढून गोडं पाणी ओतत होते. काचेची नळी नको तेवढी वर तरंगत होती, म्हणजे पाण्यात मीठ फार झालं होतं. तळाशी वाळूवर खडेमिठाचे दाणे दिसत होते, आमच्या घरी भाकरीच्या पिठात घालतात तेच. अक्काची मिठाची बरणी रिकामी झाली होती. कुणी काय केलं ते सांगायची गरज नव्हती.

"अहो, मग सांगा ना सरळ त्यांना!" माझा पारा चढला. "मरंल ना तो! लपूनछपून किती दिवस पाणी बदलणार?"

दाजींनी हातातला मग खाली ठेवला. त्यांना एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पावणं, माझ्या हातनं त्यांचा कळप गेला. आता हे त्यांच्या हातनं गेलं, असं त्यांना वाटाया नको."

मी खाली ठेवलेला मग उचलून त्यांच्या हातात दिला. अक्कानं मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. पाणी एकदम बदलून चालत नाही, म्हणून दाजी पुढं रोज थोडं थोडं बदलत राहिले, आबा बाहेर गेले की तेवढ्या वेळात.

आणि एका सकाळी आबांना भोकाबाहेर बुक्क्या पडलेला दिसला. आडवा, फिकट, हलत नव्हता. अक्का सांगते, आबा खुर्चीवर बसून रडायला लागले. कळप गेला तेव्हा न रडलेला माणूस. "सूनबाई, त्याला सांग, म्या मीठ टाकलं. म्या मारलं त्याच्या जित्राबाला."

दाजी शेडमधून आले. जाळीनं त्यांनी ते वर काढलं आणि तळहातावर घेऊन आबांसमोर धरलं. आत पोकळ होतं. "आबा, हे नुसतं कवच हाय. कात टाकलीय त्यानं. नवं कवच घट व्हईपतोर आतच बसतो तो. तुमी नाय मारलं."

आबांनी तोंड फिरवलं. "सूनबाई, त्याला म्हणावं, म्हाताऱ्याची समजूत घालू नको."

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. खुर्ची टाकीसमोरून उचलून त्यांनी भिंतीकडे नेली. त्यानंतर मी आलो तेव्हा शेडमध्ये जाऊन दाजींना विचारलं, खरंच जिवंत आहे का तो? दाजी हातातल्या तारेकडे बघत राहिले. "असंल," म्हणाले. "कात टाकली हे खरं. पण मीठ लई झालं व्हतं, आन् आंग मऊ असताना सोसतंय का न्हाई, कुणाला ठाव." म्हणजे जी गोष्ट ते बापाला ठामपणे सांगत होते, तिची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. आता तो बाहेर आलाच नाही तर? मला त्या म्हाताऱ्याचा राग येत होता आणि त्याच्यासाठी जीवही तुटत होता. मेंढरं गेल्यावर कसाबसा उभा राहिला होता, आता पुन्हा बसला तर उठणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा शेडमध्ये पाच एचपीची मोटर टेस्टिंगला लावली होती. तिच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी दाजींना ओरडून काहीतरी विचारत होतो आणि ते नेहमीसारखी मान हलवत होते. एकदम त्यांची मान थांबली. मी म्हटलं काय झालं? त्यांनी हातानंच मला गप्प केलं आणि मोटर तशीच चालू सोडून अंगणातून पळत सुटले. त्यांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी मागोमाग गेलो तेव्हा कुठं मला आतली हाक ऐकू आली.

"दादा! ए दादा! आरं इकडं ये, लवकर ये!"

आबा काठी टाकून टाकीला दोन्ही हात लावून उभे होते. आत भोकाच्या तोंडाशी रचलेले खडे बाजूला सरले होते आणि बुक्क्या निम्मा बाहेर आला होता, नवाकोरा, हिरवागार. एक डोळा आबांवर, दुसरा दारावर. अक्का पिठाच्या हातांनी चुलीकडून आली आणि जागीच थांबली.

दाजी उंबऱ्यात धापा टाकत होते. हाताला तांब्याची तार अडकून आली होती.

"तुमी... हाक मारली?" त्यांनी विचारलं.

"मंग काय ह्यानं मारली?" आबा म्हणाले. "ये, बघ. जिता हाय तुझा बुक्क्या."

दाजी आत आले, आबांच्या शेजारी उभे राहिले. आबांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना काचेजवळ ओढलं आणि म्हातारा बोलतच राहिला, बघ रंग कसा आलाय, बघ डोळा कसा फिरवतोय, वर्षभराचं सगळं तुंबलेलं एकदम मोकळं झाल्यासारखा. दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"आरं बघ म्हणतोय ना तुला," आबा म्हणाले.

"बघतोय की," दाजी म्हणाले. ते अजून आबांकडेच बघत होते.