मामांचा सूर आणि सकाळचा आकडा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांना आज किती धाप लागली आहे, हे एके काळी निम्म्या कोल्हापूरला सकाळी आठच्या आत कळत असे. मामांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं आणि तितकीच वर्षं विड्या ओढल्या. शेवटी फुप्फुसांनी तक्रार केली. शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी विड्या सोडवल्या आणि सांगितलं, "रोज मोबाइलवरून मला एक आकडा पाठवा. धाप नसेल तर शून्य, सोसवेनाशी झाली तर दहा." मामांनी आठवडाभर शून्यच पाठवला. "बाईमाणसाला कशापायी घाबरवायचं?" बाईंनी दटावल्यावर मात्र त्यांनी स्वतःची भर घातली. गच्चीवर जायचं, मोबाइलचं घड्याळ लावायचं आणि एका दमात क्लॅरिनेटवर 'सा' धरायचा. हे एकट्या बाईंना कळवणं त्यांना कद्रूपणाचं वाटे, त्यामुळे गारगोटीचे व्याही, दूधवाला आणि मी, सगळ्यांना संदेश येई : "धाप ३. सूर १४ सेकंद. कावळा पळाला."

एका थंडीत सूर चौदावरून अकरावर आला, मग नऊवर. "हवा फिरलीया, दुसरं काय न्हाय," मामा म्हणाले. 'सूर ७ सेकंद' असा संदेश गेला त्या सकाळी बाईंचा फोन आला, "असाल तसे रिक्षात बसा."

"दाढी करून येतो की!"

"दाढी इथे करू. निघा!"

छातीत संसर्ग झाला होता. पाच दिवस ऑक्सिजन लागला. "अजून दोन दिवस घरी काढले असते तर अवघड होतं," बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. मामांनी मात्र नाकातल्या नळीसकट जाहीर केलं, "बघा जावायबापू, माझ्याच सुरानं मला वाचवलं!"

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत बाईंनी त्यांना एकच गाणं वाजवायची परवानगी दिली आणि स्वतः येऊन उभ्या राहिल्या. मामांनी शेवटचा सूर धरला. सगळा चौक मोठ्यानं मोजू लागला. चौदा… सोळा… एकोणीस! दूधवाल्यानं टोपी उडवली. बाई टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसत होत्या. मामांनी क्लॅरिनेट उंचावून चौकाला विचारलं, "व्हय का न्हाय?" आणि चौक गरजला, "व्हय!"

परतताना आम्ही दोघेच चालत होतो. मामा दर चार दुकानांनंतर काचेपाशी थांबून दम घेत. भांड्यांच्या दुकानापाशी जरा जास्तच वेळ थांबले. मीही त्यांच्या शेजारी उभा राहून पितळी पातेल्यांकडे बघत राहिलो.