मरियामातेचा मुकुट माझ्या पिशवीत

पाप झालं की लगेच फादरांकडे कशाला धावायचं, हा माझा जुना प्रश्न. आमच्या पांढरकवड्यात कॅथोलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी. फादर महिन्यातून एकदा येतात, मिस्सा म्हणजे आमची सामुदायिक उपासना करतात आणि जातात. कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली, मात्र आम्ही बहुतेक जण, सणाच्या आधी घराला चुना मारावा तसं, नाताळच्या तोंडावर एकदाच उरकतो. माझं हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. खिळा लागलेलं चाक पळवू नका, टायर कामातून जाईल, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. मरियामातेची लहानशी मूर्ती रोज एका घरून दुसऱ्या घरी जाते आणि संध्याकाळी सगळे तिथे प्रार्थनेला जमतात. यंदा ती मार्थामावशीकडून माझ्याकडे यायची होती. मावशी विधवा, एकटी राहते, प्रार्थनाघराची झाडझूड तिच्याकडेच. मंडळी पुढे चालत गेली आणि मूर्ती शालीत गुंडाळून मी मोटरसायकलवर आणली. घरी शाल उघडली तर मातेच्या डोक्यावर मुकुट नाही. सगळे बघतच राहिले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशीच्याच घरी राह्यला असन, नाहीतर..." ते 'नाहीतर' मी पुरं केलं नाही. ते लोकांनी आपापल्या मनात पुरं केलं. मावशी तशीच उठून घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेला यायची बंद झाली.

मग एका सकाळी पाना शोधताना हत्यारांच्या पिशवीत हाताला मुकुट लागला. खड्ड्यांत पडू नये म्हणून निघताना मीच काढून ठेवला होता आणि साफ विसरलो होतो. खरं सांगायची लाज वाटली. आधी देवाला सांगू, मग माणसांना, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि देवाला तारीख दिली नाताळची. तेवढे दिवस कोणी मुकुटाचा विषय काढला की मी उठून चहा सांगायला जायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

एके दुपारी बायको डबा घेऊन आली. म्हणाली, "मार्थामावशी आज यवतमाळले पोरीकडे चालली. आता वापस नाही येत म्हणते." मी डबा झाकून ठेवला. तेवढ्यात एक कार येऊन थांबली. चालवणारे गृहस्थ साध्या शर्ट-पँटमध्ये होते. रस्त्यातच स्टेपनी लावून, पंक्चर चाक डिकीत टाकून ते आले होते. चाक काढायला मी वाकलो तर शेजारी एक पारदर्शक डबी दिसली आणि तिच्यात घडी केलेली जांभळी पट्टी. तशी पट्टी मी एकाच ठिकाणी पाहिली होती, कन्फेशन ऐकणाऱ्या फादरांच्या गळ्यात. नको तिथे नाक खुपसायची मला सवयच आहे. मी विचारलं, "तुम्ही फादर आहात काय?"

ते हसून हो म्हणाले. पुढचं मी कसं बोललो ते माझं मलाच कळलं नाही. जुन्या टायरांच्या थप्पीमागे दोन स्टुलं टाकली, त्यांनी पट्टी गळ्यात घातली आणि मी सगळं सांगून टाकलं. पलीकडून ट्रक धडधडत जात होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मुकुट कुठे आहे?"

"हा काय, पिशवीतच."

"मग नाताळची वाट कशाला पाहताय?"

त्यांनी पापक्षमा दिली आणि सांगितलं, ज्यांच्यासमोर त्या बाईचं नाव खराब केलंत, त्यांच्यासमोरच ते आज नीट करा. "चाकाची घाई नाही. दुकानात मी बसतो," एवढं बोलून ते खरोखरच माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

मावशी बस स्टँडवर बाकावर बसली होती, पायाशी गाठोडं. मी मुकुट तिच्या हातात दिला. "माह्याच पिशवीत होता," म्हणालो. ती मुकुटाकडे बघत म्हणाली, "मले मालूम होतं. तुले काढतानी म्या दारातून पायलं."

"मंग तवाच सांगतलं काहून नाही?"

"तू 'म्या नाही काढला' म्हटलं असतं. मंग तुले खोट्याचं आणखी एक पाप लागलं असतं."

तिची बस लागली, भरली आणि गेली. मावशी उठली नाही. थोड्या वेळाने गाठोडं माझ्याकडे देत म्हणाली, "चाल. आज कोणाच्या घरी हाये माता?"

संध्याकाळी सगळ्यांसमोर मी खरं काय ते सांगितलं आणि मुकुट मावशीनेच चढवला. हायवेवर माझ्या आधी पंक्चरची आणखी दुकानं लागतात. फादर ती सोडून माझ्याकडेच का थांबले, हे कुतूहल मला आजही आहे. विचारायचं राहून गेलं. परमेश्वराचे आभार मानतो आणि गप्प बसतो. एवढं मात्र कळलं, की मी देवाला नाताळची तारीख देत होतो, तेव्हा एक म्हातारी माझं पाप वाढू नये म्हणून आपलं गाव सोडायला निघाली होती.