अप्पांचा कान

धातू कापायच्या मिलिंग मशीनचा वेग आमच्या जुन्या कारागिरानं, अप्पांनी, कधी तक्ता बघून ठरवला नाही. माझ्या वडिलांनी मशीनमागे खिळ्याला वेगाचा तक्ता टांगला होता. अप्पा त्याच खिळ्याला आपली टोपी अडकवत, त्यामुळे तक्ता दिवसभर टोपीखाली असे. कपाळाला भस्म लावून ते मानवतच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये येत, मशीनला नमस्कार करत आणि मग कान देत.

आमचं काम मुख्यतः कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग यंत्रांच्या पोलादी पात्यांचं. स्क्रूचं डोकं पात्यात बुडून बसावं म्हणून भोकाचं तोंड उतरतं कापायचं, त्याला काउंटरसिंक म्हणतात. डोकं वर राहिलं की त्यात कापूस अडकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वेग जास्त झाला की कटर किंचाळतं, भोकाच्या तोंडाला कंगोरे पडतात आणि धार जळते. मशीनचा सूर लागेपर्यंत अप्पा पट्टा या पुलीवरून त्या पुलीवर चढवत. "मऊ बोलाया लागलं की दाबतच जायचं," ते सांगत. "मधीच थांबलं की रुसतंय ते."

वडील गेल्यावर वर्कशॉप मी चालवायला घेतलं. बाईमाणसाला हे जमणार नाही, असं बाजारात बरेच जण म्हणाले. अप्पा एवढंच म्हणाले, "माय, तू गिऱ्हाईक बघ. आवाज मी बघतो." मी निर्धास्त झाले.

गेल्या वर्षापासून पाती परत येऊ लागली, भोकांना कंगोरे पडलेली. अप्पा पोलादाला शिव्या घालत, मीही घाली. एका सकाळी मशीन असं किंचाळलं की शेजारचा चहावाला कानावर हात ठेवून आत डोकावला. अप्पा मात्र समाधानानं मान डोलवत होते. "आता कसं झ्याक बोलायलंय बघ." तेव्हा मला उमगलं. त्यांना कमी ऐकू येत होतं, आणि पूर्वीइतका आवाज कानावर पडेपर्यंत ते वेग वाढवत होते.

परभणीहून कानाचं यंत्र आणलं. त्यात मशीन, रस्ता, माझं बोलणं सगळं एकदम अंगावर येई. ते लवकरच खिशात गेलं. मग तक्त्याप्रमाणे पट्टा मीच चढवून देऊ लागले. भोकं नीट उतरायला लागली, पाती परत येईनाशी झाली. अप्पांचा चेहरा मात्र उतरला. "मुकं मशीन चालवायलोय मी," ते म्हणाले. "चालू हाय का बंद, हात लावून बघावं लागतंय." मी चहा मागवला.

काम सोडून झरीला, आपल्या गावी, कायमचं जायच्या दिवशी त्यांनी स्वतः पातं बांधलं, पट्टा सगळ्यात कमी वेगाच्या पुलीवर चढवला आणि कटर खाली दाबायचा दांडा माझ्या हातात दिला. "आता तूच आयक. मऊ झालं की मला सांग."

मी कटर खाली आणलं. जीव कानात गोळा करून ऐकलं. नुसती घरघर होती.

"झालं मऊ, अप्पा," मी ओरडून सांगितलं.

ते हसले. खिळ्यावरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली. मागचा तक्ता उघडा पडला. मी आता रोज त्यावरूनच वेग लावते, आणि दांडा दाबताना रोज कान देते. ते मऊ मला अजून ऐकू आलेलं नाही.