फिके टाके

अन्याय माझ्या बाबांवर झाला. २००९ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, सौंदडच्या त्यांच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात.

गल्लीतले एक काका त्या सकाळी टीव्ही घेऊन आले. तिसऱ्यांदा. सेट दोन वर्षांचाही नव्हता. काउंटरवर आदळत म्हणाले, "भाऊ, जमत नाही तं उघडता कायले? हात गेला तुमचा."

बाकावरचा एक जण हसला. "हात कुठचा, चष्मा गेला. वहिनीचा लावून बसते."

बाबाही हसले. मी शेजारी उभी होते. तसं हसताना त्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांची एक रीत होती. सेट कशासाठीही येवो, ते पूर्ण बोर्ड भिंगातून पाहायचे. बोर्डावर भाग जोडणारा सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या धातूचा, टाका चमकला तर पक्का. फिका, दाणेदार दिसला तर आज ना उद्या तुटणार. असे सगळे टाके ते नव्याने मारायचे, फुकट. १९९९ ला दुकान उघडल्यापासून. आपला सेट परत येत नाही, एवढीच त्यांची मिजास.

मग नवे सेट आले. उघडावं तर सगळेच टाके फिके. "कामचोर झाले कंपनीवाले," म्हणत बाबा अख्खा बोर्ड पुन्हा मारत बसायचे, जुन्याच शिशाच्या सोल्डर-तारेने. त्यांच्या कमी उष्णतेच्या सोल्डरिंग आयर्नने कंपनीचं सोल्डर वितळेना, म्हणून दाबून धरायचे. बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडायची. ज्या सेटवर जास्त मेहनत, तोच लवकर परत.

त्या सकाळनंतर त्यांनी नवा सेट उघडलाच नाही. वर्षभरात शटर पडलं.

खरं काय ते मला पुढे गोंदियाला कॉलेजात कळलं. परदेशांत सोल्डरमधल्या शिशावर बंदी आली आणि कंपन्यांनी सोल्डर बदललं. बिनशिशाचा टाका चांगला असला तरी फिकाच दिसतो. शिसं विषारी, बंदी बरोबरच होती. हात अडकले की बाबा ती शिशाची तार दातात धरायचे. पण कंपन्यांनी काय केलं? बोर्डाच्या कोपऱ्यात 'लेड-फ्री' अशी बारीक इंग्रजी अक्षरं छापली आणि मोकळ्या झाल्या. सौंदडच्या मेकॅनिकला सांगायला कोण आलं? कोणी नाही.

मी घरी येऊन सांगितलं.

"म्हणजे मीच मारून राहिलो होतो ते सेट?"

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

"तू पोरगी आहेस. तू असंच म्हणशील."

पोरीचं ते ऐकत नाहीत. म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं. तुमची हळहळ मला नको. सौंदडचे असाल तर बाबांकडे जा. दुसऱ्या गावचे असाल तर तिथल्या ज्या मेकॅनिकला तुम्ही हसलात, त्याच्याकडे जा. समोर बसा आणि चूक कोणाची होती ते तुमच्या तोंडाने सांगा. याच आठवड्यात.