तूट कुणाच्या नावावर

दिवाणजी गेला तेव्हा आडतीतले दोघंतिघं मला म्हणाले, आता तरी सोडा, गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. मी म्हटलं, माझी बायको गेली तेव्हा तुम्ही दहाव्याला बसून तिच्याबद्दल काय कुजबुजत होता ते माझ्या कानावर पडलं होतं. मला लिहायची सवय नाही, चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. पण हे मी लिहून ठेवणार. विसरायचं नाही म्हणूनच लिहितो.

नाशकात गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या अंगाला फुलांची ती आडत. आसपासच्या मळ्यांतून झेंडू, शेवंती, गुलाब पहाटे यायचा, आडतीवर वजन व्हायचं, मग हारवाले नि दुकानदार उचलून न्यायचे. मी टेम्पोवाला. द्वारका चौकातल्या स्टँडवर टेम्पो लावायचो, पण निम्मं काम आडतीचंच. बायको आडतीत काट्यावर. ती फुलं पिकवणाऱ्यांच्या घरातली. शेतकरी वजन वाढावं म्हणून पाटीवर पाणी मारून आणायचे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पाटीत कोपरापर्यंत हात घालायची नि म्हणायची, मामा, फुलांना येवढा घाम कशानं सुटला, वाट लय चढाची होती का? शेतकरी हसायचा आणि पाटी पालथी करून पाणी निथळायचा. भांडण कधी झालं नाही. शेठनं त्यासाठीच तिला काट्यावर बसवली होती. बाकीच्या बाया खाली बसून हार ओवायच्या.

हिशोब सगळा दिवाणजीकडे. टोपी, कपाळाला गंध, पेन कानाला. आलेला माल एका वहीत, गेलेला दुसऱ्या वहीत, आणि महिना सरला की दोघांची वजाबाकी. जे उरायचं ती तूट. फूल सुकतं, गळतं, थोडी तूट पडायचीच. किती पडली ते तो सांगेल तीच पूर्व दिशा. हजेरी वेगळी, ती दारावरच्या वॉचमनकडे.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्यात चारचौघांत बोलत नाहीत. फुलं देवाला जायची. त्यामुळं बाईची पाळी आली की ती चार दिवस आडतीत पाय ठेवायची नाही. वॉचमन हजेरीत फुली मारायचा. का नाही आली, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. पुरुष माणसं तिकडं बघायचीच नाहीत. माझी बायको नसली की रिकामी असेल ती बाई काट्यावर बसायची. असंच चाललेलं होतं, आमच्या आधीपासून.

नव्वदनंतरची गोष्ट. खंडेनवमीचा दिवस. ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. आडतीत काट्याची व्हायची, आणि काट्याला हळदकुंकू लावायचा मान माझ्या बायकोचा. झेंडूला दसऱ्याचा भाव, त्यामुळं बाजार नुसता भरलेला. शेतकरी, हारवाले, बाया, सगळे गोळा. मी टेम्पो लावून आत आलो तर दिवाणजी वही उघडून उभा. म्हणाला, महिन्याला इतकी तूट पडते की आडत बुडायची वेळ आली. काटा कुणाच्या हातात? तिच्या. मग माल कुणाच्या पदराखालून जातो ते मी सांगायला पाहिजे का?

ती ताट हातात घेऊन उभी होती. एवढंच म्हणाली, "कुठल्या दिवशी कमी पडलं ते तरी सांगा."

"तुला आता दिवस दाखवू? बेरीज बघ नि गप बस." आणि तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "चोराच्या हातचं कुंकू काट्याला नको."

शेठ तिथंच होता. त्यानं मान खाली घातली. मी पुढं झालो तर तिनं माझा सदरा धरला, असा धरला की बटण तुटलं. घरी आल्यावर म्हणाली, तुम्ही त्याला मारलंत तर मी चोरच ठरंन.

मी मारलं नाही. आडतही सोडली नाही. लोक म्हणाले, काय माणूस आहे, बायकोला हाकललं तिथंच भाडी मारतो. म्हणू देत. वैरी लांब गेला की माणूस निवतो. मला निवायचं नव्हतं. रोज सकाळी त्याचं गंध लावलेलं कपाळ बघायचो नि दिवसभराचं इंधन भरल्यासारखं व्हायचं.

ती दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत मजुरीला जाऊ लागली. घड विरळायला, कधी डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला. औषधाच्या वासानं डोकं धरायची. गंगेवर जायचं झालं तर फुलबाजार टाळून लांबचा वळसा घ्यायची. काही वर्षांनी छातीत कफ धरला, तो सुटलाच नाही. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाली, माझ्या अंगावर त्या आडतीचं फूल नाय टाकायचं. मी दिंडोरीच्या एका बागाईतदाराकडून गोणीभर झेंडू आणला. आडतीतून हार आला होता, तो मी दारातूनच परत धाडला.

तिच्यानंतर काट्यावर दुसरी बाई आली. तूट पडायचीच. दिवाणजीनं तिलाही घालवली. मग तिसरी. एवढ्या शहाण्या माणसांत एकानंही विचारलं नाही की चोर गेली तर चोरी कशी राहिली. दरसाल ऑडिटवाला साहेब यायचा, चहा घ्यायचा, हिरव्या पेनानं बेरजांवर टिका मारायचा. बेरीज बरोबर असायची. दिवाणजीची बेरीज आयुष्यात कधी चुकली नाही, हे मी पण कबूल करतो.

मग शेठच्या मुलाचं लग्न झालं. सून कॉमर्स शिकलेली, लग्नाआधी एका सीएच्या ऑफिसात होती. तिनं काचेची केबिन करून घेतली, कॉम्प्युटर बसवला. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. दिवाणजी हारवाल्या बायांना ऐकू जाईल असा बोलायचा, मशीन बेरीज करील, पण अक्कल कुठून आणील? एका परीनं त्याचं खरं होतं. वहिनी बेरीज करतच नव्हत्या, ती मशीन करायचं. त्या नुसत्या विचारत बसायच्या. हे त्याच्या शेजारी ठेवलं तर काय दिसतं? ते याच्या खाली लावलं तर? जुन्या सगळ्या वह्या त्यांनी दिवसवार आत भरून घेतल्या. पगाराचं बघायला म्हणून वॉचमनची हजेरीही भरली. हिशोबाच्या वह्या नि हजेरीची वही एका आडतीत वर्षानुवर्षं राहत होत्या, पण त्यांची गाठ कधी पडली नव्हती.

एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, काका, काकूंची हजेरी बघतेय. दर महिन्याला चार दिवस फुल्या. ऑडिटच्या लोकांनीही हे पान बघितलंय, ते समजले आजारी असतील. मी बाई आहे, मला विचारायची गरज नाही. माझी मान आपोआप खाली गेली. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला. मला त्यातलं काय कळणार, पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं. काकू काट्यावर होत्या ते दिवस हे. नव्हत्या ते दिवस हे. तूट दोन्हीकडं सारखीच. त्या घरी बसलेल्या असतानाही माल कमी पडलाय, आणि तो लिहिलाय त्यांच्या नावावर.

मी पडद्यावरच्या फुल्या बोटानं मोजत बसलो.

मग म्हणाल्या, अजून एक आहे. तूट रोज सारखी पडत नाही. मोठी पडते ती रविवारीच पडते, काट्यावर कुणीही बसलेलं असो. "काका, रविवारी आडतीत काय व्हायचं?"

रविवारी दुपारी त्र्यंबकेश्वरला पाट्या जायच्या. सोमवारची गर्दी असते तिथं. दिवाणजी सांगायचा, शेठकडून देवाची सेवा आहे, पावती नको, वहीत नोंद नको. आणि पाट्या उतरायच्या त्याच्या मेव्हण्याच्या हारांच्या दुकानात. नेत कोण होतं? मी. माझ्याच टेम्पोतून. माझी बायको चोर ठरून बाजारापासून तोंड लपवत होती आणि तिच्यावर घातलेला माल मी भाडं घेऊन पोचवत होतो.

वहिनींनी शेठना विचारलं. असली कुठलीही सेवा शेठनी कधी सांगितलेली नव्हती.

शेठनी मला घरी बोलावलं. म्हणाले, म्हातारा माणूस आहे, गपचूप घरी बसवतो, तुझंही काही बघतो. मी म्हटलं, मला काही बघायला नको. जिथं बोलला तिथं बोलायचं. खंडेनवमीला, काट्यापाशी, सगळ्यांसमोर, त्याच्याच तोंडानं. शेठ चुळबुळले. मी म्हटलं, नाहीतर मी बाजारात दुकानादुकानाला सांगत फिरतो, रविवारसकट. तेव्हा तयार झाले.

वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, काकूंना चाललं असतं का हो, त्यांच्या त्या दिवसांचं असं चारचौघांत? मी विचार केला. नसतं चाललं. तिनं कानावर हात ठेवले असते. पण चोर म्हणवून मरणंही तिला चाललं नव्हतं, आणि ते तिला कुणी विचारून केलं नव्हतं. मी म्हटलं, तिची लाज मी वर गेल्यावर तिच्याशी भांडून मिटवीन. तुम्ही कागद काढा.

खंडेनवमीला आडत तशीच भरलेली. काटा आता बॅटरीवरचा आला होता, जुना लोखंडी काटा कोपऱ्यात होता. पूजेला तोच बाहेर काढला. कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातलेली. दिवाणजीच्या एका हातात कुंकवाचं ताट, दरसालसारखं, आणि दुसऱ्या हातात वहिनींनी कागद दिला. वाचा म्हणाल्या. त्यानं वाचला. अमुक तारीख, तूट इतकी, काट्यावरची बाई गैरहजर. पुढची तारीख, गैरहजर. आवाज बसत चालला.

"का गैरहजर?" मी विचारलं.

"आजारी असंल."

"आजारी नव्हती. नीट सांग."

तो कागदाकडं बघत राहिला. जन्मभर घरातल्या बायांना त्या दिवसांत मोरीपलीकडं बसवणारा माणूस, तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना. हार ओवणाऱ्यांतली एक म्हातारी, दातात दोरा धरलेली, तिनं दोरा सोडला.

"सांगा की दिवाणजी, कावळा शिवला होता. तुमच्या आईला पण शिवत होता, म्हणून तर तुम्ही झालात."

बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर काढून हसल्या. शेतकरीही हसले. तेवढ्यात दिवाणजीनं ते सांगितलं. अगदी बारीक आवाजात, पण सांगितलं. मग रविवारचंही सांगितलं, मेव्हण्याच्या दुकानासकट. सांगून झाल्यावर ताट घेऊन काट्याकडं वळला. सवयीनं वळला असणार. मी ताट त्याच्या हातातून काढून घेतलं.

"चोराच्या हातचं कुंकू काट्याला नको."

हे वाक्य मी किती वर्षं तोंडात धरून हिंडलो ते माझं मला माहीत. कुंकू त्या म्हातारीनं लावलं. तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, मी टेम्पोकडं निघून गेलो. नंतर घरीही माणसं पाठवली त्यानं, माफ करा म्हणून. केलं नाही. वहिनींनी कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढची तूट काढली तेव्हा मला बोलावून दाखवलं. तिच्यापुढं शून्य आलं आणि तेवढाच आकडा खाली त्याच्या नावापुढं जाऊन बसला. मला ते फार आवडलं. तूट कुठं जात नाही, कुणाच्या तरी नावावर बसतेच. माणसाला दया येते, म्हणून तो नाव बदलतो. मशीनला येत नाही.

परवा तो गेला. तिरडीची फुलं आडतीतूनच जायची होती, आणि टेम्पो माझाच सांगितला. आडतीतल्या पोरांनी पाट्या थेट टेम्पोत टाकायला घेतल्या. मी म्हटलं, थांबा. पाट्या काट्यावर ठेवायला लावल्या. वजन झालं. वहिनी केबिनमधून बघत होत्या.

"कुणाच्या नावावर लिहू, काका?"

"त्याच्याच," मी म्हटलं, आणि पाट्या चढवल्या.